पंचेचाळीस

नळीवर नाव मीच लिहिलं:
आहेर दशरथ तुकाराम, पु., चौऱ्याहत्तर.
पाठवणारे डॉक्टर: कोणी नाही.
कारण: स्वतःला बघायचंय.

बहात्तर तास उबेत ठेवलं बापूंचं रक्त.
विभागणीच्या ऐन घाईत पेशींना थांबवलं,
मग हातभर उंचीवरून एकेक थेंब
गार काचेवर सोडला.
थेंब पडतो, पेशी फुटते,
आत गुंडाळलेलं सगळं उघड्यावर पसरतं
वाळवणासारखं.

एकवीस वर्षं हेच करते मी,
गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
दारात पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
पोटातल्या पाण्याचे नमुने येतात तेव्हा
तेविसावी जोडी मला दिसते
आणि मी ती कागदावर येऊ देत नाही.

बापू नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. नोटा मोजायच्या.
एक कागद कमी भरला
तर गेट उघडायचं नाही, अख्खी पाळी आत.
नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये भात गार व्हायचा
आणि बय म्हणायची,
"माझ्या दशरथाचा हिशेब चुकत नाही.
चुकतं ते हिचं."
कल्पलता, मग शैला, मग मी.
माझ्या वेळी बर्फीसुद्धा वाटली नाही.

त्र्यंबकला तीन दिवस. बापूंनी रजा टाकली.
कुशावर्तात बुडी, कोरं धोतर, कोरी साडी,
मध्ये कणकेचा नाग.
आईने त्याची क्षमा मागितली.
कुठला नाग, कुणी मारला होता,
गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.
पुढे चौथ्यांदा राहिलं, ते पाचव्या महिन्यात गेलं.
काय होतं गं, बयने विचारलं.
आई म्हणाली, अंधार होता.

आता बापू माझ्या खुर्चीत बसलेत.
पडद्यावर जोड्या लावून ठेवल्यात,
थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.
पेनचं टोक हवेत धरून मोजतात, ओठ हलतात.
"पंचेचाळीस."
पुन्हा सुरू. थुंकी लावायला अंगठा जिभेशी जातो
आणि काचेपाशी अडतो.
"पंचेचाळीसच. एक कमी भरतोय, पोरी.
गेट लाव."

मी शेवटच्या कोपऱ्यात बोट ठेवते.
"हा?"
"हा."
"मला वाटलं कचरा बसलाय काचेवर."
"मुलगा व्हायला हाच लागतो, बापू.
आईकडे नव्हताच तो. कुठल्याच बाईकडे नसतो.
तुमच्याकडून आला तर मुलगा,
नाही आला तर आम्ही."
"म्हणजे मी दिला नाही?"
"ठरवून कोणी देत नाही. नाणं उडतं."
नाणं त्यांना पटत नाही. ते नोटांचे.

मग त्याच जोडीतला दुसरा दाखवते,
भरदार, कमरेशी आवळलेला.
"हा बयचा. तिने तुम्हाला दिला,
तुम्ही आम्हा तिघींना, जवळजवळ जसाच्या तसा.
नातू झाला असता
तर त्याला हा मिळालाच नसता."
मला सव्वा महिना मांडीवर घेतलं नव्हतं बयने.
आणि मी तिला
पेशीपेशीत घेऊन फिरतेय, नोकरीला, बाजाराला,
काल तर दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा.

बापू बराच वेळ बोलत नाहीत.
खाली रिक्षावाल्यांचं काहीतरी भांडण चाललेलं.
"आईला सांगायला हवं होतं."
कुणाच्या, ते मी विचारलं नाही.
दोघींच्याही अस्थी रामकुंडातच.

"प्रत मिळेल का? किती होतील?"
पैसे घेतले नाहीत. पाकिटावर तारीख घातली.
त्यांनी आत डोकावून एकदा मोजलं,
कितीवर थांबले कळलं नाही.

जिना उतरून दारापाशी आले
आणि पाकीट बगलेत धरून
झडतीसाठी दोन्ही हात वर केले.
आमचा वॉचमन नवीन आहे, नांदगावचा.
तो माझ्याकडे बघत राहिला.
बापू तसेच उभे.