कळपाच्या पश्चिमेला

आधी मेंढ्या.
दुइसेनबेकच्या स्वतःच्या, चाळीसेक,
आणि त्यांच्या मधोमध तो, कानामागे तळवा धरून.
मी ड्रोन चढवत नेला.
वॉकीटॉकीवर त्याचा आवाज:
येतोय. येतोय ऐकू. डासासारखा.
अजून आहे.
मग बराच वेळ नुसती खरखर.
गेला.
शंभर मीटर, मी वहीत लिहिलं.
तो म्हणाला, थांब, माझा कान म्हातारा आहे,
मेंढ्यांचे अजून फिरतायत.

एकशे पस्तीसला मेंढ्यांनी कान सोडले.
सायगाच्या कानाचं माप कोण सांगणार?
आणखी पंधरा मीटर आम्ही तिच्या नावानं बाजूला काढले,
जेवायच्या आधी पानाबाहेर घास ठेवावा तसे.

तोर्गायचा माळ, मे महिना.
रानदवण्याचा कडवट वास,
वाऱ्याबरोबर पश्चिमेला लवलेलं रुपेरी गवत.
गाडी दोन किलोमीटर अलीकडे, इंजिन बंद,
दार उघडंच, कारण लावलं तर वाजेल.
माझ्या कोटाच्या आत पोटाशी
चार बॅटऱ्या ऊब घेत.
दुइसेनबेक रात्रीच पुढे गेलेला,
खड्ड्यात, अंगावर करडा नमदा ओढून.
जाताना सांगून गेला:
सकाळी कळपाच्या पश्चिमेला राहा.
वारा तुझा आवाज तिकडेच नेईल,
सावलीही कळपाकडे पाठ करून पडेल.
इथली पिल्लं पोटातूनच एक गोष्ट शिकून येतात,
वरून सावली सरकली की जमीन व्हायचं.
गरुडाची की तुझी, हे विचारत बसत नाहीत.

रिनातनं अल्माटीहून बजावलं होतं:
डोळे हवेत. आईचे डोळे,
आणि ते फुगीर नाक, हलताना.
माझं नाव बोताकोझ. उंटाच्या पिल्लाचे डोळे.
डोळ्यांची हाव मला कुणी शिकवायला नको.

एकशे पन्नासवरून ती पडद्यावर मोहरीएवढी,
कळपापासून सुटून गवतात बसलेली.
थोडंच, मी स्वतःला म्हटलं.
एकशे चाळीस.
अंगठा असा ठेवलेला, जणू तो माझा नाहीच.
एकशे तीस.
ती उठली नाही.
मानही वळवली नाही.
कानातल्या बटणात दुइसेनबेक कुजबुजला,
एकच शब्द:
जबडा.

तिनं रवंथ थांबवलं होतं.

वर उचलायचा नाही, मोटरचा सूर चढतो.
आहे त्या उंचीवरून आडवा काढायचा,
दुसऱ्याच्या घरात कुणी निजलंय हे लक्षात आल्यावर
पाहुणा चपला हातात घेऊन निघतो, तसा.
काढला.
लांब गेल्यावर मग वर.
घामानं हातमोजा आतून ओला,
बाहेर दहिवर.
बॅटरी अर्धी. मग एकतृतीयांश.
माझ्या तोंडातलं च्युइंगमही थांबलेलं,
हे मला नंतर कळलं.
मग कानात:
चघळतेय.

सात सेकंद मिळाले, दुरून.
पिवळ्यावर एक तपकिरी ठिपका,
मग त्याच्या कडेला, ओला, चकाकणारा,
दुसरा.
लगेच बॅटरीचं लाल. परत.

अंधार पडेपर्यंत दुइसेनबेक खड्ड्यातून निघाला नाही.
आला तेव्हा गुडघे सरळ होईनात.
खारट चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरून
त्यानं ते सात सेकंद चार वेळा पाहिले.
वर बघितलं का तिनं?
नाही.
हं, म्हणाला, आणि वाडगा पुढे केला, अजून ओत.
मग बऱ्याच वेळानं, साखर विरघळवत असल्यासारखा:
जुळं होतं.
दुसरं तू गेल्यावर आलं.
लगेच उभं राहायला बघत होतं, तीनदा पडलं.

रिनातचा फोन आला, हे काय, ठिपके?
हो, म्हटलं, ठिपके.
दुसऱ्याचं त्याला सांगितलेलं नाही.