आडनाव

स्टॉकटनच्या आमच्या दुकानात
खिळे, बिजागऱ्या, नळाचे वॉशर, सगळं मिळतं;
पण लोक येतात ते किल्लीसाठी.
आजोबा एका चिमट्यात मूळ किल्ली धरतात,
दुसऱ्यात कोरी,
आणि यंत्र किंचाळतं.
त्या किंचाळण्यात मला गृहपाठ करता येतो.

मिसेस पालोमारेसना वंशवृक्ष हवा होता.
चार पिढ्या, रंगीत, सोमवारपर्यंत.
मी खोडावर लिहिलं : क्वान.
आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना
यंत्र बंद केलं.
म्हणाले, "ते पेन्सिलनं लिही."

पणजोबा चौदाव्या वर्षी बोटीतून उतरले तेव्हा
त्यांच्या खिशात दुसऱ्याचा मुलगा होता.
कागदावरचा. विकत घेतलेला.
वयाच्या दर वर्षाला शंभर डॉलर.
"चौदाशे," आजोबा म्हणाले. "फेडायला अकरा वर्षं."
चिनी मजुराला तेव्हा इथलं दार बंद होतं,
इथल्या नागरिकाच्या मुलापुरती फट होती.
म्हणून यी घराण्यातलं पोर क्वान झालं
आणि तीन आठवडे बोटीवर
एक वही पाठ करत बसलं.

वही किनाऱ्याआधी समुद्रात टाकायची होती.
टाकली.
म्हातारपणी मात्र त्यांनी ती पुन्हा लिहून काढली,
एका कानामात्रेचाही फरक न करता म्हणे,
दुकानाच्या पावतीपुस्तकात.
आजोबा वाचतात :

घराचं तोंड कुठे? दक्षिणेला.
रांगेत कितवं? तिसरं.
तांदळाचा रांजण? जिन्याखाली.
शेजारणीला मुलं किती? दोन, एक बहिरा.
दारापासून आडापर्यंत किती पावलं?
एकेचाळीस.
पाणी कसं?
गोड.

"हे आपलं गाव?"
"छे. क्वानांचं. ते तिथे कधी गेलेच नव्हते."
"मग आपल्या गावात आड होता?"
आजोबा पावतीपुस्तकाची पानं मागेपुढे करत राहिले.
ते कुणी विचारलं नव्हतं,
म्हणून ते कुणी पाठ केलं नव्हतं.

शाळेत विचारतात, तू कुठली?
मी म्हणते, स्टॉकटन.
नाही गं, खरी कुठली?
मी वैतागायचे.
आता वाटतं, बिचाऱ्यांना कल्पनाच नाही
आपण कुठल्या आडात डोकावतोय.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?
पण आमच्या घरी पोहरा भरलेला आहे, नव्वद वर्षं,
आणि आड कुणी पाहिलेला नाही.

दर एप्रिलला आम्ही पणजोबांची कबर धुतो.
संत्री, उकडलेली कोंबडी, कागदी नोटांची राख.
दगडावर इंग्रजीत क्वान,
खाली तीन चिनी अक्षरं.
ती मी सहा वर्षांची असल्यापासून
टूथब्रशनं घासते आहे.
वाचता येत नाहीत;
रविवारची चिनी शाळा मी सॉकरसाठी सोडली.
या शनिवारी आजोबा मला एकटीला घेऊन गेले.
पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "यी."
वर छपरासारखं काहीतरी,
खाली झाडासारखं.
इतकी वर्षं उघड्यावर होतं.
फक्त ज्यांना कळू नये
त्यांच्या भाषेत नव्हतं. आणि मी
त्यांच्यातच धरले गेले होते.

परतताना गाडीत आजोबा गप्प.
मग एकदम, "कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं.
कधीपर्यंत, ते सांगायचं राहिलं."

मिसेस पालोमारेसनी बी प्लस दिला.
शेरा : छान, पण खोडावर दोन नावं दिसतात.
एक खोडून टाक.

मी खोडरबर हातात घेतला, ठेवला.
दुकानात गेले. आजोबा कुणाच्यातरी गॅरेजची
किल्ली घासत होते.
"आ-स्युत," त्यांनी हाक मारली.
आ-स्युत म्हणजे बर्फ. या गावात तो पडत नाही.
"डुप्लिकेटनंही दार उघडतंच,"
म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली,
जणू बोलणं जरा जास्तच गुळगुळीत झालं.

दुकानाच्या दारापासून बसथांब्यापर्यंत
एकशे बारा पावलं.
दार पश्चिमेला. पायऱ्या नाहीत.
नळाचं पाणी क्लोरीनचं.
उद्या कुणी विचारलंच, तर.