कंसातली जागा

सुलतानपूरच्या शाळेत मी प्रयोगशाळेचा परिचर.
गंधकाच्या बाटल्या पुसतो, मोडक्या होकायंत्रांची यादी ठेवतो.
कपाट हलवलं तेव्हा भिंतीच्या फटीत सापडली ही वही,
कसरीनं कोपरा खाल्लेली.

"खळग्याची जन्मकथा. सर्व कल्पित.
लिहिणार सदाशिव कायंदे, दुय्यम मास्तर, लोणार. सन १९११."

आदल्या वर्षी शेपटीचा तारा येऊन गेला होता.
शेपटीत विषारी वायू आहे, असं एक वर्तमानपत्र म्हणालं.
आठवड्यानं तेच म्हणालं, वायू इतका विरळ
की डासही मरायचा नाही.
मास्तरांनी दोन्ही कात्रणं समोरासमोर चिकटवलीत,
खाली लिहिलंय: "दोघेही शिकलेले."

तर गोष्ट.
बैलगाडीतून एक साहेब येतो, हातोडी घेऊन.
म्हणतो, हा ज्वालामुखी, तोंड मिटलेला.
सरकारी पुस्तकात तेच छापलंय. काळा दगड आहे, झालं.
गुरव म्हणतो, छे, लवणासुराचं बीळ हे,
देवानं अंगठ्यानं झाकण उडवलं, ते पडलं धातेफळला.
मास्तर सातवी पास. दोघांचंही लिहून घेतात.

मग शेळ्या हाकत येते गोदी सरकटे.
"आग खालून आली म्हन्ता, त मंग राख कुठी गेली?
अन् काठ असा बाहीर उलटला कावून,
चिखलात गोटा टाकल्यावानी?"

साहेब टिपणवहीत काहीतरी लिहितो.
काय, ते मास्तर सांगत नाहीत.
पण ज्वालामुखीची तेरा पानं उभी रेघ मारून रद्द,
आणि चौदाव्यावर आभाळातून दगड निघालेला.
चार पानं तो नुसता पडतोच आहे.
त्रैराशिक मांडून वेग काढलाय, मैलांत.
उत्तर चुकलंय. मी दोनदा करून पाहिलं.

झोपल्या मारुतीपाशी होकायंत्राची सुई गांगरते,
एवढाच काय तो पुरावा त्यांच्या गाठीशी.
बाकी कल्पना, तीही भीत भीत.
पानोपानी "असें कांहीं विद्वान म्हणतात",
"यास अद्याप आधार नाहीं".
थापा मारताना माफी मागणारा माणूस
मी दुसरा पाहिला नाही.

दगड निवतो. खळग्यात पाणी भरतं, खारट.
साहेब भिंगाखाली एक थेंब धरतो, आणि
तिथंच वाक्य थांबतं.
एक कंस. आत बोटभर कोरी जागा.
समासात बारीक अक्षर:
"दगडासोबत कांहीं जिवंत आलें काय?
वाद चालू आहे. निकाल लागल्यावर येथें लिहावें."

पुढं चाळीस पानं कोरी.
अगदी शेवटी ज्वारीचा हिशेब, तो मात्र बरोबर.

दगडाचा निकाल लागला, साठेक वर्षांनी.
तळाला भोकं पाडली, काच निघाली,
आदळल्याशिवाय होत नाही अशी काच.
छापलेलं पुस्तक चुकलं, गोदी जिंकली.
गोदी खरी होती की कल्पित, सांगणारं कोणी नाही.
सरकटे आहेत अजून गावात. शेळ्याही.

त्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा मीही काठावर होतो.
कोणी प्रलय म्हणे, कोणी शेवाळ,
एकजण तर म्हणाला, रंगाचा ट्रक उलटला.
पुढं प्रयोगशाळेतून उत्तर आलं:
मिठात राहणारे जीव, डोळ्यांना न दिसणारे.
मी एक बाटली भरून आणली होती.
आता रंग तळाशी बसलाय, वर साधं पाणी.

आज पेन्सिलीला टोक काढून बसलो.
नववीतली मीनल कायंदे दारातून डोकावली.
मास्तरांची कोणी लागते का, तिला माहीत नाही.
वाचलं तिनं समासातलं, ओठ हलवत.
"काका, लिवून टाका ना, नाई आलं म्हनून."
"कशावरून?"
ती गप्प झाली.
मग बाटली उचलली, खिडकीशी नेली
आणि उजेडात धरून हलवली.