टर्किश

ठरवायला बसलो ते पाण्याच्या दिवशी.
सोलापुरात नळ येतो पाचव्या दिवशी,
त्या दिवशी घरातले सगळे घरात असतात
आणि काय बोलायचं ते पिंपं भरता भरताच बोलावं लागतं.

हर्षिणीने शाळेचा ॲटलास उघडला.
भूमध्य समुद्र दोन पानांच्या शिवणीत अडकलेला,
इटलीचा बूट या पानावर, ग्रीस त्या पानावर,
एक बेट तर पार पिनेखाली गेलेलं.
अत्तम्मांनी तांब्या बुडवत विचारलं,
एवढा समुद्र आहे, तिथे तरी रोज येत असेल ना पाणी?

कुणी हसलं नाही.

यांना रोम पाहिजे. मेघश्यामला तो गोल अखाडा,
जिथे माणसं सिंहापुढे सोडायचे.
हर्षिणीला डोंगरावरचे खांब, अथेन्सचे.
मला कुणी विचारलं नाही, पण मी वहीत लिहून ठेवलं, इफेसस:
तिथल्या ग्रंथालयाची नुसती दर्शनी भिंत उभी आहे,
मागे पुस्तक नाही, छप्पर नाही,
बंद गिरणीच्या गेटासारखी.

यांनी पायऱ्यांचा हिशोब काढला.
आपल्याला किल्ला आहे, पण तो भुईकोट.
चढायची सवय कुणाला?
अत्तम्मांचे गुडघे गणपती घाटाच्या पायऱ्यांवरच कुरकुरतात.

मामय्या खिडकीशी बसून होते.
त्यांनी एकच विचारलं,
तुर्कस्तान येतं का वाटेत?

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं
त्यांनी टर्किश टॉवेल विणले.
टर्किश म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही; माग थांबला तर मजुरी थांबते.
आता म्हणाले, ते लोक टॉवेलला काय म्हणतात?
मेघश्यामने फोनवर शोधलं. हावलू.
मामय्यांनी शब्द जिभेवर घोळवला,
हावलू. आपलं तुव्वालु.
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत म्हणाले,
फार लांब नाही ते.

त्यानंतर खर्चाचा तक्ता. त्यात एक मुदत ठेव मोडली,
माझ्या पाटल्यांचा विषय निघाला आणि बुडाला.
शेंगाचटणी दोन किलो. कडक भाकऱ्या चाळीस,
मोडू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळायच्या.
हॉटेलात टॉवेल देतात हो, हे म्हणाले.
मामय्या म्हणाले, कुठला देतात ते बघायचंय.

पुण्याला गेलो व्हिसाच्या ठशांसाठी.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, डावा हात, चार बोटं.
काचेखाली हिरवा उजेड.
पुन्हा ठेवा. जोरात दाबा, बाबा. पुन्हा.
तिने काच पुसली, त्यांची बोटं पुसली, थोडं क्रीम लावलं.
पडद्यावर चार पांढरे गोळे, रेषाच नाहीत,
पेंड सोडलेल्या सुतासारखे सपाट.
मागे रांग खोकत होती.
मामय्यांनी हात उलटा करून स्वतःच बघितला,
जणू आज पहिल्यांदाच कुणी त्याचा माल तपासत होतं.
म्हणाले, पोरी, गेली असतील ती टॉवेलांतून.
पेट्या तिकडेच जायच्या.

तिला कळलं की नाही, माहीत नाही.
तिने काहीतरी टाइप केलं, आणि पुढचा नंबर पुकारला.

पासपोर्ट अजून आलेले नाहीत.
आज परत पाण्याचा दिवस; पिंपं भरतायत,
अत्तम्मा भाकऱ्या चाळीसच्या पन्नास करा म्हणतात.
मामय्यांची पिशवी मात्र भरून झालीय:
एक स्वेटर, गोळ्यांची डबी,
आणि धागे मोजायची ती पितळी भिंग,
घडी घालता येते अशी.
मी विचारलं, हिचं तिकडे काय काम?
म्हणाले, इंचात किती धागे बसवतात,
एवढं तरी बघून येऊ.