मऊ लागलं म्हणून

ट्रोंडहाइमला नोव्हेंबरात तीन वाजताच दिवस मिटतो.
आस्लाउग लगेच दिवा लावत नाही.
इन्क्यूबेटरच्या काचेवर सदतीस अंश,
खिडकीबाहेर उणे चार,
मधे ती, लोकरीच्या मोज्यांत,
तेहेतीस वर्षं याच बाकाशी.

जेल येतं तिच्या बेटाजवळच्या समुद्रातून.
फ्रोयाच्या खडकांवरची केल्प
भाऊ ओड्वार बोटीने ओढून आणतो,
फोनवर सांगतो, यंदा देठ जाड आहेत.
लाटांचा मार खाल्लेल्या देठांतल्या साखळ्या ताठ,
पानांतल्या लवचीक.
कॅल्शियम टाकलं की ताठ साखळ्या सरकून जवळ येतात,
ट्रेमध्ये अंडं बसावं
तसा एकेक कण खळगीत बसतो
आणि पाणी उभं राहतं.
चमच्यावर थरथरतं. सांडत नाही.

त्यात पेशी सोडायच्या.
रोरसच्या एका सुताराचा खुबा बदलला,
तेव्हा उरलेल्या मगजातल्या.
मूलपेशी.
मूल म्हणावं तर आई नाही,
मूळ म्हणावं तर झाड नाही.

समुद्राच्या शेवाळाला माणसाची ओळख कशी असणार?
म्हणून साखळीला टाचायचा
तीन अमिनो आम्लांचा एक बारका तुकडा,
दाराला कडी बसवतात तसा.
कडी नसली की पेशी गोल राहते,
परक्या घरी कोट न काढता
खुर्चीच्या कडेवर बसलेल्या माणसासारखी.

मऊ जेलमध्ये चरबीकडे कल, घट्ट जेलमध्ये हाडाकडे,
असं ती नव्या मुलांना शिकवते
आणि वहीत उतरवून झालं की म्हणते,
हे अर्धंच आहे हं.

एस्किलने उरलेलं अर्धं ऐकलं नव्हतं.
त्याने जेल घट्ट केलं,
हाडाला हवं तेवढंच, आकड्याला आकडा जुळवून,
प्रत्येक सांधा कायमचा चिकटवून टाकला.
कडीही होती.
तीन आठवडे रोज खाऊ घातलं.
पेशी जिवंत, गोल, गप्प.
भिंतीकडे तोंड करून बसल्यासारख्या.

शेजारच्या ताटलीत आस्लाउगचं जेल.
घट्टपणा तोच.
फक्त साखळ्या आखूड, सांधे नुसत्या कॅल्शियमचे:
रेटलं की गाठ सुटते,
जरा पलीकडे पुन्हा बसते.
घट्ट आहे, पण हट्टी नाही.

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये,
असं म्हणतात.
पेशीला हे कुणी सांगितलेलं नाही.
तिने कोपर मारलं, जागा झाली,
जागा झाली तशी पसरली,
कडीला धरून ओढलं,
ओढताना तिचं तिलाच कळलं असावं
आपण कोण.

एकविसाव्या दिवशी रंग टाकला,
मंजिष्ठेच्या मुळात असतो तोच लाल.
एस्किलची ताटली फिकट गुलाबी,
तिची विटकरी, डागाडागांची.
तो ओरडला, हाड!
ती म्हणाली, थांब.
लाल काय, जेलमधल्या कॅल्शियमनेही होतं.
पेशी न घातलेलं जेल तिने वेगळं ठेवलं होतंच,
तेही रंगवलं.
थंडीत नाक होतं तेवढंच तांबूस.
मग मात्र तिने दिवा लावला.

रोरसला आता बर्फ असेल.
सुतार टायटॅनियमच्या खुब्याने जिना चढत असेल,
एक हात कठड्यावर,
इकडे आपण पुन्हा हाड होतोय
याचा पत्ता नसलेला.

एस्किलने विचारलं, साखळ्या आखूड घ्याव्यात
हे सुचलं कसं?
तो वही उघडून, पेन धरून उभा.

सुचलं नाही, ती म्हणाली.
बाटली जुनी होती.
दोन उन्हाळे कपाटात राहिली, आपोआप तुटल्या.
फेकायची राहून गेली माझ्याकडून.

मग तिने ती बाटली खाली उतरवली,
झाकणावरची धूळ बाहीने पुसली
आणि चिठ्ठीवर तारीख घातली. आजची.