आतलं आधी

ओटुओमा सर फळ्यावर लिहितात:
क्ष म्हणजे विकलेले डबे, फल म्हणजे त्यांची कमाई.
होमा बेच्या धक्क्यावर आई ओमेना मापते
गंजक्या डब्यानं, वर एक मूठ चढवून;
ती मूठ कुठल्याच समीकरणात नाही.

वीस डबे, पन्नासच्या भावानं हजार शिलिंग.
पीठ, रॉकेल, गाळ्याचं भाडं, फीचा हप्ता: सातशे.
दुसरं फल बचतीचं: आत जे जाईल
त्याचा पाचवा हिस्सा बाहेर.
मी आधी खर्च वजा केला.
उरले तीनशे. त्यांचा पाचवा, साठ.
खाली दोन रेघा ओढल्या.

आई आली. मनगटापर्यंत खवल्यांची चमक.
वहीत डोकावली; क्ष तिला वाचता येत नाही.
कमरेच्या लेसोची गाठ सोडून
शंभराच्या दोन नोटा पत्र्याच्या पेटीत टाकल्या,
मग म्हणाली,
"हं, आता सांग, घरात काय काय संपलंय?"

दोनशे.
तीच फलं, तेच आकडे, नुसता क्रम फिरलेला.
कंसातलं आधी सोडवा, सर सांगतात.
कंसात काय ठेवायचं, ते नाही सांगत.

वारं सुटलं की होड्या सरोवरात उतरत नाहीत.
ते दिवस फलाच्या प्रांताबाहेर, असं मी लिहिलं.
"त्या दिवशी जेवायचं नाही का?" आई.
खोडलं. क्ष बरोबर शून्य, खर्च तोच.
उत्तराआधी एक आडवी रेघ आली.

आई कंदील जवळ ओढते,
बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बसते.
"हे उण्याचं चिन्ह," ती विचारते,
"कसं गं काढतात?"