साठ टक्के

शाळेच्या जिममध्ये सात बादल्या.
कुठली कुठे, हे मला अंधारातही सांगता येतं.
एक फ्री-थ्रोच्या रेषेला चिकटून,
दोन पाहुण्या संघाच्या बाकामागे;
तिथंच का गळतं देव जाणे, आमची तक्रार नाही.
सातवी पिवळी, बालवाडीच्या दाराशी.
तिच्यावर कुणीतरी मार्करनं डोळे काढलेत.

टॅमरॅक फॉल्समध्ये फेब्रुवारीत बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो,
आणि फेब्रुवारीतच मतपत्रिका टपालानं येतात.
यंदा एका कागदावर दोन प्रश्न होते.
पहिला रोख्यांचा: नवं छप्पर, नवा बॉयलर,
वीस वर्षांत फेडायचं कर्ज.
दुसरा लेव्हीचा: नर्स, बसचं डिझेल,
बँड शिकवणाऱ्या मिस लिंडक्विस्ट, आणि मी.
माझं नाव नव्हतं तिथं.
‘देखभाल व इतर’ असं होतं.
मी बहुधा ‘इतर’मध्ये.

लेव्हीला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं.
रोख्यांना शंभरात साठ लागतात.
असं का, म्हणून आठवीतल्या इत्झेल बार्रागाननं विचारलं.
मी म्हटलं, कर्ज काढायचं तर
घरातल्यांनी जरा मोठ्यानं हो म्हणावं लागतं.
ती म्हणाली, मग गळायला किती टक्के लागतात?

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, पदरच्या पेट्रोलवर दारोदार फिरलो.
लाकडाची मिल बंद झाल्यापासून इथं दार लवकर उघडतं.
वर्ना हॉकिन्सननं खुर्ची दिली, कॉफी दिली,
मत देणार नाही म्हणाली,
याच क्रमानं.
ब्याऐंशी वर्षांची. घराची किंमत दुप्पट झालीय
कारण सिएटलचे लोक नदीकाठी जागा घेतायत.
“कागदावर मी श्रीमंत आहे, डेल.
कागद शेगडीत घालून बघितला,
हात शेकण्याइतकासुद्धा जळत नाही.”
दर हजारामागे एक डॉलर चौसष्ट सेंट:
तिनं लिफाफ्याच्या पाठीवर गुणाकार मांडला होता,
हातचे नीट वर लिहून,
आमच्याच शाळेत, त्याच छपराखाली शिकलेला गुणाकार.
मी दोनदा तपासला. बरोबर होता.
पाठ करून नेलेलं सगळं भाषण
कॉफीबरोबर गिळलं,
शिडी मागितली,
तिच्या पन्हळीतली कुजकी पानं काढली
आणि पुढच्या दाराशी गेलो.

दर शुक्रवारी ती सामन्याला येते.
त्या संघात तिचं कुणी नाही.
तिसऱ्या पायरीवर, पाचव्या बादलीशेजारी बसते.
थेंब आणि टाळी एकदम पडली की हसते.

मोजणी काही दिवस लांबली.
पहिल्या रात्री अठ्ठावन्न पूर्णांक काहीतरी.
मग उशिराचं टपाल, मग सह्या न जुळलेले लिफाफे,
मग एकोणसाठ, आणि घोडं तिथंच अडलं.
हो: आठशे पस्तीस.
नाही: पाचशे सत्त्याहत्तर.
हवी होती आठशे अठ्ठेचाळीस.
म्हणजे पाचशे सत्त्याहत्तर लोकांनी
आठशे पस्तीस लोकांना हरवलं.
गावात जिंकल्यासारखं मात्र कुणी बोललं नाही.
किराणा दुकानात लोक एकमेकांना
गरजेपेक्षा जास्त वाट देत राहिले.

लेव्ही पास झाली.
म्हणजे बादली राहिली
आणि ती ओतणारा राहिला.

शुक्रवारी वर्ना आली, कोट काढला, बसली.
दुसऱ्या डावात मी पुसणं घेऊन जवळून गेलो
तेव्हा पायानं बादली थोडी सरकवत म्हणाली,
“दोन बोटं डावीकडं आलंय ते.
बघत नाहीस का रे तू?”